हमीदचा चुडा

हमीदने तिसरी बांगडी अंगठ्याच्या हाडापर्यंत रेटली आणि ती पिचली. हिरव्या काचेचे दोन तुकडे चटईवर पडले, एक तळहाताला चावला. त्याने रक्त चोखले, दाराच्या पडद्याकडे पाहिले आणि चौथी बांगडी उचलली.

पडदा सरकला तेव्हा ती चौथी त्याच्या बोटांवर होती.

दारात त्याची आई, रोशनबी, उभी होती. दोन्ही खांद्यांवरून बांगड्यांच्या माळा लोंबत होत्या. तिने आधी चटईवरची काच पाहिली, मग मुलाचा हात, मग त्याचे तोंड. बांगड्या भरणारी मणेरीण ती. आधी नजर जायची ती काचेवरच.

"किती वाढवल्यास?"

तिच्या धंद्यात बांगडी फुटली असे कोणी म्हणत नाही, वाढवली म्हणतात. रागातसुद्धा रोशनबीच्या तोंडून दुसरा शब्द निघत नसे.

"तीन," हमीद म्हणाला.

"आन् कशापायी? पुन्याच्या कालिजात ह्योच धडा लावलाय व्हय?"

हमीद चौथी बांगडी बोटांवरून काढू लागला. घाईत तीही अडकली.

चार दिवस झाले होते त्याला लोणावळ्याला येऊन, आज परत पुण्याची गाडी धरायची होती, आणि चार दिवसांत तो एका जागी म्हणून बसला नव्हता. स्टेशनात जायचा, इंजिन बदलताना बघत उभा राहायचा, परत यायचा. वळवणच्या तळ्यापर्यंत जायचा, परत यायचा. जेवायला बसला की एक गुडघा आपला हलतोच आहे. झोपेतसुद्धा काहीतरी पुटपुटत होता. रोशनबीला पहिल्या दिवशी वाटले, परीक्षेत नापास झाला असावा. दुसऱ्या दिवशी वाटले, कुठे मुलगी बघितली असावी. तिने विचारले मात्र नाही. आपणहून सांगायला येईल तेव्हा येईल, आपण कशाला त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे? आणि बघते तर हे.

"कॉलेजचं गॅदरिंग आहे, अम्मा," तो म्हणाला. "मुलांनीच लिहिलेलं नाटक आहे. त्यात नवी नवरी आहे, विमल म्हणून. ती मी करतोय."

"तू?"

"मी. बाकी सगळं जमलं. आवाज जमला, लुगड्यात चालायला जमलं. हात जमत नाहीत."

मग त्याने सांगितले. पुण्यातल्या एका दुकानातून मुलांनी बांगड्या आणल्या. पुरुषाचा पंजा म्हणून मोठ्या मापाच्या. विमल सगळ्यांना भात वाढते तो प्रवेश आला. हमीदने हात वर केला की बांगड्या कोपरापर्यंत, खाली केला की बोटांपर्यंत. दोन तर नवऱ्याच्या पत्रावळीत पडल्या. सगळी खोली हसली. तालीम बघायला आलेला खाणावळीतला आचारी भिंतीला धरून हसला. तालीम घेणारा बी. ए. चा विद्यार्थी मात्र हसला नाही. तो म्हणाला, सोमवारी हात दाखव. ते बाईचे झाले नाहीत तर विमल दुसऱ्याला देतो.

"तर देऊ दे की."

हमीद पायाच्या अंगठ्याने काचेचे तुकडे एका रेषेत लावत राहिला.

"मला ती पाहिजे, अम्मा."

"कोन, बांगडी?"

"विमल."

ते त्याने असे म्हटले की रोशनबीने माळा उतरवायला घेतल्या होत्या त्या तशाच धरल्या.

दोन वर्षे तो त्या कॉलेजात मागच्या बाकावर बसत होता. हजेरी घेणाऱ्यालासुद्धा त्याचे नाव पुन्हा वाचावे लागायचे. या नाटकाने काय झाले कोण जाणे, त्याला सगळे दिसायला लागले होते. आचारी भात वाढताना पळी ताटावर आपटतो आणि आमटी वाढताना आपटत नाही. संस्कृतचे मास्तर उत्तर येत नसले की उपरणे सारखे करतात. शेजारच्या खोलीतला मुलगा गावाकडच्या आठवणीने रडून आला की मोठ्याने पाढे म्हणतो. असले काय काय त्याच्या डोक्यात दिवसभर वळवळत राहायचे आणि संध्याकाळी तालमीला उभा राहिला की त्यातले एखादे आपोआप हातापायांत उतरायचे. हे आईला सांगायचे कसे?

"तिथं उभा राहिलो की मला करमतं," तो एवढेच म्हणाला.

"करमतं!" रोशनबीने माळा खुंटीला लावल्या. "बाप्या मानसाला नुसतं बांगड्या भर म्हनलं तर लोकं एकमेकांची डोकी फोडत्यात. आन् माझा ल्योक आपन होऊन हात पुढं करतोय. तुज्या चुलत्याच्या कानावर गेलं म्हंजे?"

चुलता म्हणजे अल्लाउद्दीन. स्टेशनावर टांगा हाकायचा. हमीदचा बाप गेल्यापासून घरात शेवटचा शब्द त्याचा. कॉलेजला हो म्हणाला तोही अटीवर: पोरगं नाटकातमाशाच्या वाटेला गेल्याचं कळलं की दुसऱ्या दिवशी ते रेल्वेच्या शेडमध्ये, कोळसा भरायला. आणि अल्लाउद्दीन म्हणाला की करायचा.

"म्हणून तर तू घरात नसताना भरत होतो."

"भरत हुतास? ह्याला भरनं म्हनत न्हाईत. ह्याला काचंचा खून म्हनत्यात."

"पुण्याचा दुकानदार म्हणाला, पुरुषाच्या पंजात लहान माप चढवणारा अजून जन्माला यायचाय."

रोशनबी वळली.

"कोन म्हनला?"

"दुकानदार."

"काय म्हनला?"

हमीदने पुन्हा सांगितले. या वेळी जरा सावकाश.

रोशनबीने ओचा खोचला. लाकडं तोडून हाताची ढेकळं झालेल्या बाया, मातीकाम करणाऱ्या बाया, अंगठा मोडून वाकडा बसलेली एक म्हातारी, अशा सगळ्यांच्या मनगटांत तिने नाजूक मापं चढवली होती आणि एकीला ओरखडा उठू दिला नव्हता. आणि पुण्यात गादीवर बसून कोणी असे बोलतो?

"बस खाली," ती म्हणाली.

तिने पडदा नीट ओढून घेतला. आतली ही खोली बायकांना बांगड्या भरायची. पुरुषाने या पडद्याच्या आत यायचे नाही हा तिथला कायदा, आणि अल्लाउद्दीनसुद्धा तो मोडत नसे. तिने चुलीवरचे ऊन पाणी परातीत ओतले, मुलाचा हात त्यात बुडवला, पुसला, तेलाचे बोट फिरवले आणि तो आपल्या गुडघ्यावर घेतला. थंडीने तो लाकडासारखा झाला होता. ती एकेक हाड चाचपत दाबू लागली.

"सैल सोड."

"सोडलाय."

"न्हाई सोडलास. हात आता माझा हाय, तुजा न्हाई."

पहिली बांगडी गेली. हमीद बघतच राहिला. अंगठा कधी आत मुडपला, हाडे कधी एकावर एक आली ते त्याला कळलेच नाही. काच गार सरकली आणि मनगटाला बिलगली. दुसरी गेली. तिसरी अंगठ्याच्या हाडावर होती, तेवढ्यात बाहेर टांग्याचे घुंगरू थांबले.

"भाभी! हमीद झाला का तयार? गाडीला न्यायाला आलोय त्याला."

हमीदचा हात आखडला. बांगडी अडकली, पुढे जाईना, मागे येईना. ओट्यावर जोड्यांचा आवाज झाला. पडदा हलला.

"आत येऊ नगा, भावजी," रोशनबी म्हणाली. "बायामानूस हाय. काकनं भरतीया."

पडदा जागच्या जागी राहिला.

"आन् हमीद कुटं?"

"बाजारात गेलाय."

"येतो म्हनला न्हवं? मग बसतो."

तो ओट्यावर बसला. काडी ओढल्याचा आवाज आला, विडीचा वास आत आला. खोलीला दुसरे दार नव्हते. रोशनबीने मुलाकडे पाहिले. मुलगा बांगडीकडे बघत होता. तोंडातून शब्द तर गेला होता. आता तो निभवायला हवा होता.

"कुनाची गं?" अल्लाउद्दीनने बाहेरून विचारले. दिवसभर सवाऱ्यांशी बोलून त्याला सवयच लागली होती. गप्प बसणे त्याला जमत नसे.

"कुरवंड्याची हाय," रोशनबी म्हणाली. "झुंबरबाईची सून."

"झुंबरबाईची? तिचं पोरगं तर आजून गोट्या खेळतंय. सून कवा आली?"

रोशनबीचा हात थांबला. सगळ्या बाजारपेठेत तिला तोंड देणारे कोणी नव्हते, पण आता तिच्या तोंडात शब्द येईना. बाहेर विडीचा एक झुरका झाला.

"चुलतसासू लागत्यात जी," कोणीतरी म्हणाले. "म्या तेंच्या पुतन्याच्या घरातली."

रोशनबीने चटकन वर पाहिले. समोर हमीदच होता. पण तो आवाज हमीदचा नव्हता, आणि नाटकातल्या त्या विमलचाही नसावा. विमल पुस्तकातले बोलत असणार. हा आवाज जरा बसलेला होता, शब्दांचे शेवट गिळणारा, तोंडावर पदर धरून बोलल्यासारखा.

"पुतन्याची व्हय. मग ठीक," अल्लाउद्दीन म्हणाला. "आवाज का गं बसलाय?"

"नागफनीच्या सुळक्याकडनं वारा येतो नव्हं जी. चूल पेटत न्हाई, फुकून फुकून नरडं गेलं."

"आन् सासू कशी हाय?"

"ब्येस हाय की. झोपली म्हंजे."

बाहेर अल्लाउद्दीन ठसका लागेपर्यंत हसला. रोशनबीने मुलाचा तळहात चिमटला, पुरे म्हणून. पण तो आता थांबण्यातला नव्हता. त्याचे डोळे बदलले होते. पुढे काय बोलणार ते त्यालाच माहीत नसावे. तो जणू कान देऊन ऐकत होता.

"मालक काय करत्यात?"

"म्हशीमागं आसत्यात. म्हस तेस्नी माझ्यापरीस जास्त वळखती. म्या हाक मारली तर मान वर करत न्हाईत, ती हंबारली की भाकरी टाकून पळत्यात."

"आरं देवा," अल्लाउद्दीन म्हणाला. "आयकलंस का भाभी?"

"आयकतीया," रोशनबी म्हणाली, आणि तिच्या लक्षात आले की आपणही हसतो आहोत. त्या हसण्यात हात कधी सैल झाला कळले नाही. अडकलेली बांगडी आपोआप मनगटात उतरली. हमीदचा गुडघा हलायचा थांबला होता, तेही तिला तेव्हाच दिसले.

"न्हाईतर आमचा हमीद," बाहेरचा आवाज चालूच होता. "सुट्टीला येतो तर फलाटावरच्या पाशिंजरावानी. बूड म्हनून टेकत न्हाई. भाभी, औंदा शिकनं झालं की त्याला हितंच चिकटवू. मी सायबाशी बोललोय. कारकुनी मिळंल, घरचं जेवंल. दुसरं काय पायजे?"

 रोशनबीने चौथी बांगडी घेतली, पाचवी घेतली. समोरची नवरी खाली बघत होती.

रस्त्यावरून कोणीतरी टांगेवाल्याला हाक मारली. खंडाळ्याच्या बंगल्यावर सवारी होती, घाईची. अल्लाउद्दीन उठला.

"मी जातो गं भाभी. हमीद आला की चालतच स्टेशनात धाड. आन् तू गं पोरी, म्हशीला सांग माझा सलाम."

"सांगते जी. तिनं वळखलं तर."

घोडा निघाला. घुंगरू पेठेच्या टोकापर्यंत ऐकू आले, मग वळणावर गेले, मग फक्त वारा राहिला. हमीदने छातीत धरलेला श्वास सोडला. त्याच्या ओठांवर हसू आले होते. आता तो अम्मा म्हणणार होता.

रोशनबीने मान वर केली नाही.

"दुसरा हात दे गं," ती म्हणाली.

 बाहेर ओटा रिकामा होता हे दोघांनाही माहीत होते. हमीदने पडद्याकडे पाहिले, आईकडे पाहिले. तिने परात पुढे ओढली होती. त्याने डावा हात पाण्यात ठेवला.

"लय घट्ट न्हाईत ना झाल्या?"



"न्हाई जी, मावशी," तो त्या बसलेल्या आवाजात म्हणाला.

रोशनबीने हात पुसला, गुडघ्यावर घेतला. बांगड्या भरताना बाया बोलतात. हात दुसरीच्या हातात गेला की तोंड मोकळे होते. मणेरणीने ऐकायचे असते आणि त्या दारातले दुसऱ्या दारात न्यायचे नसते. इतकी वर्षे रोशनबी नुसते ऐकत आली होती. तिचा हात मात्र कोणी असा धरून बसले नव्हते.

"मला एकच ल्योक हाय," ती म्हणाली. "पुन्याला शिकतो. तू नसशील बघितला."

"न्हाई जी."

"बघन्यासारखा न्हाई काय. बापावर गेलाय, नाकानं." बांगडी अंगठ्यावर आली, सरकली. "त्याला हितं करमत न्हाई. चार दिस आला, चारी दिस दारातच हुभा. मला वाटलं काय तरी चुकलंय त्याचं. चुकलंय कुटलं! तितं त्याला काय तरी घावलंय. बुकातलं न्हाई, दुसरंच. मी आता बघितलं ते."

हमीदची बोटे हलली. तिने ती दाबून धरली.

"सैल सोड."

त्याने सोडली.

"चुलता म्हनतो हितं चिकटवू. चिकटंल. त्याला नगं म्हनायला येत न्हाई. सकाळच्याला जाईल, सांजच्याला येईल, माझ्या म्होरं बसून जेवंल." ती पुढची बांगडी उजेडाकडे धरून बघत राहिली, काचेत खोट आहे की काय ते. "मला ब्येसच हाय ते. एकटीला घर खायाला उठतं बग. बाजारात मी कुनाला बोलू देत न्हाई, पर घरात कुनी बोलायलाच नसतं."

"मग त्याला इचारा की, मावशी," नवरी म्हणाली. "र्‍हातोस का म्हून."

"इचारून काय करू? व्हय म्हनला तर खोटं आसंल. न्हाई म्हनला तर खरं आसंल. मला दोनीबी नगं."

बांगडी गेली. हमीदच्या मनगटात काच काचेवर टेकली, बारीक आवाज झाला. त्याला बोलायचे होते. अम्मा, असे नाही, असे म्हणायचे होते. पण तो शब्द या तोंडात बसत नव्हता. या तोंडात जे बसत होते तेच तो बोलला.

"म्याबी माहेर सोडून आली की जी."

"आठवती का आई?"

"आठवती."

"कवा?"

"रोज न्हाई आठवत," तो थांबत थांबत म्हणाला. "चूल फुकताना. कुनी वरडलं म्हंजे. आन् कोन चांगलं म्हनलं म्हंजे लय आठवती. तिला कुनी सांगावं आसं वाटतं."

रोशनबीने मान हलवली. खूप वेळ हलवली.

"तेवढं बास झालं," ती म्हणाली. "आईला तेवढं बास हाय."

शेवटची बांगडी तिने सावकाश चढवली. घाई नव्हती, गाडीला अजून वेळ होता, आणि हा हात पुन्हा गुडघ्यावर यायचा नव्हता. दोन्ही मनगटांवरून तिने अंगठा फिरवला, एकही सैल नाही, एकही रुतत नाही. हिरवा चुडा त्या हाडकुळ्या हातांवर असा बसला होता की पंजे लहान दिसत होते. स्टेशनात जाताना वर कोटाच्या लांब बाह्या ओढल्या की झाले. हात आपोआप पोटाशी येऊन जुळले होते, नव्या नवरीचे येतात तसे, काचेला धक्का लागू नये म्हणून. हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

मावळात चुडा भरला की नवरी मणेरणीच्या पाया पडते. मग मणेरीण मुसलमानाची असो की आणखी कोणाची. त्या वेळेपुरती ती आईच्या जागी असते. हमीद उठला, गुडघ्यांवर बसला आणि वाकला. धोतरातच होता, पण डोक्यावरचा पदर सावरल्यासारखा त्याचा हात एकदा कानामागे गेला.

रोशनबीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या बोटांना त्याचे बारीक कापलेले केस लागले. हात तिथे जरा अडखळला. तिने तो उचलला नाही.

"सासरी सुखी ऱ्हा," ती म्हणाली. "सारखं मागं बघत बसू नगंस."

हमीद वाकलेलाच राहिला. मघापासून त्याला सगळे आपोआप सुचत होते. आता मात्र कोणत्या आवाजात उत्तर द्यावे ते सुचेना.